खुर्ची आहे, माणूस कुठाय?

४० लाखांना एक

ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे ३० कोटी होती, तेव्हा देशात रीतसर शिकलेले फार्मासिस्ट किती असतील? ७५. म्हणजे ४० लाख लोकांना एक! दातांचे डॉक्टर १,०००, म्हणजे ३ लाखांना एक. प्रशिक्षित सुईणी ५,००० आणि नर्सेस अवघ्या ७,०००. डॉक्टर मात्र ४७,५००. एका नर्समागे जवळजवळ सात डॉक्टर. रुग्णाजवळ रात्रंदिवस जी थांबते तिचीच अशी वानवा होती, आणि हे उलटं गणित आपण अजून पुरतं सुलटं केलेलं नाही.

हा तक्ता भोर समितीचा. समिती १९४३ ची, अहवाल १९४६ चा. अध्यक्ष सर जोसेफ भोर मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. इतक्या मोठ्या देशाची आरोग्यव्यवस्था आखायची तर आधी माणसं मोजायला हवीत, हे त्यांच्या समितीने ओळखलं. त्या मोजणीतून आणखी एक गोष्ट दिसली. ४७,५०० डॉक्टरांपैकी बहुसंख्य ‘लायसेन्शिएट’ होते. कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून ते दवाखाना चालवत. समितीने तो अभ्यासक्रम बंद करून एकाच प्रकारचा पदवीधर डॉक्टर घडवायचं सुचवलं. काही सदस्यांना हे पटलं नाही, त्यांनी आपलं वेगळं मत नोंदवलं. अभ्यासक्रम मात्र बंद झाला.

आणि ५५ वर्षांनी? २००१ मध्ये नव्याने जन्मलेल्या छत्तीसगडने तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. तोही काही वर्षांत बंद पडला. पण तो पूर्ण केलेले तरुण ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. पुढे संशोधकांनी त्यांची आणि एमबीबीएस डॉक्टरांची नेहमीच्या आजारांवर परीक्षा घेतली, तेव्हा दोघे जवळपास तोडीस तोड निघाले.

रिक्त पदे शून्य, तरी माणसं कमी

सरकारी तक्त्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात आणि वाचणाऱ्याची इथेच फसगत होते. एक रकाना रिक्त पदांचा. मंजूर पदांतून भरलेली पदे वजा केली की तो मिळतो. दुसरा तुटीचा. निकषाप्रमाणे जितकी माणसं हवीत त्यातून प्रत्यक्ष असलेली वजा केली की तो मिळतो.

समजा, एका तालुक्याला लोकसंख्येप्रमाणे १० आरोग्यसेविका हव्यात. आकृतिबंधात मंजूर झाल्या ६, आणि सहाही रुजू आहेत. रिक्त पदे शून्य. अधिकाऱ्याने दिलेलं उत्तर शंभर टक्के खरं. तरीही चार आरोग्यसेविकांचं काम बाकीच्या सहाजणींच्या डोक्यावर आहे, आणि ते कुठल्याच बातमीत येत नाही. म्हणून वर्तमानपत्रात ‘इतकी पदे रिक्त’ असा मथळा दिसला की खरी गरज त्याहून मोठी असू शकते हे लक्षात ठेवावं.

निकष काय? साध्या भागात ५,००० लोकांना एक उपकेंद्र, ३०,००० ना एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० ना एक सामुदायिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,०००. सामुदायिक केंद्रात चार तज्ज्ञ हवेत: शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत या चौघांची मिळून तूट होती ७९.५ टक्के. नुसत्या शल्यचिकित्सकांची ८३.२ टक्के. लागणाऱ्या पाच तज्ज्ञांत चार नाहीतच!

त्या आकडेवारीतली एक बारीक पण शहाणी रीतही सांगण्यासारखी आहे. देशाची तूट काढताना एका राज्यातली जादा माणसं दुसऱ्या राज्यातल्या कमतरतेत वळती करत नाहीत. ते बरोबरच आहे. केरळात एक नर्स जास्त असली म्हणून बिहारमधल्या बाळंतिणीला काय उपयोग?

आणि भागाकारात खाली जी लोकसंख्या घ्यायची, तिचं काय? आपल्या राज्याचा आरोग्य संस्थांचा बृहत आराखडा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ ची ठरली आहे. मधल्या काळात पुणे-ठाण्याच्या कडेची कितीतरी गावं शहरं झाली.

५७ लाखांचे झाले ३१ लाख

माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका हिशेब हा. भारतात आरोग्य कर्मचारी किती? वेगवेगळ्या कौन्सिलांच्या नोंदवह्या बेरजेला घेतल्या, तर २०१८ साली ५७.६ लाख. त्यात ११.६ लाख ॲलोपॅथी डॉक्टर आणि २३.४ लाख नर्सेस व सुईणी. पण संशोधकांनी २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतून प्रत्यक्ष काम करणारे मोजले, तेव्हा भरले ३१.२ लाख. डॉक्टर ८ लाख, नर्सेस १४ लाख.

मधले २६ लाख कुठे गेले? कुणी परदेशात, कुणी निवृत्त, कुणी वारले, कुणी व्यवसाय बदलला. नर्सिंग शिकून लग्नानंतर घरी राहिलेल्या मुली कितीतरी. कौन्सिलच्या वहीत नाव चढवायची सक्ती असते, उतरवायला सहसा कुणी येत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला लावते. डॉक्टरांना ही कटकट वाटते, पण वही जिवंत ठेवायची तर दुसरा मार्ग नाही. केंद्र सरकारसुद्धा संसदेत डॉक्टरांचं प्रमाण सांगताना नोंदणीतले ८० टक्केच उपलब्ध आहेत असं धरून चालतं.

गळती इथेही थांबत नाही. पुरेशी पात्रता असलेलेच धरले, तर दर १०,००० लोकांमागे डॉक्टर उरतात ५ आणि नर्सेस व सुईणी ६. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या अहवालात तिन्ही मिळून दर १०,००० मागे किमान २२.८ ही रेघ ओढली होती. त्या रेघेखाली तेव्हा ५७ देश होते आणि तूट होती ४३ लाख माणसांची. पुढे उद्दिष्टं वाढली तशी रेघ ४४.५ वर गेली. आपली बेरीज ११.

जनगणनेतले ‘डॉक्टर’

जनगणनेत व्यवसाय माणूस स्वतः सांगतो. प्रगणक प्रमाणपत्र मागत नाही. मोजणीसाठी हा तर खजिना! सुधीर आनंद आणि व्हिक्टोरिया फॅन यांनी २००१ च्या जनगणनेतले आरोग्य कर्मचारी तपासले आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो अभ्यास छापला. स्वतःला ॲलोपॅथी डॉक्टर म्हणवणाऱ्यांपैकी ३१.४ टक्के जेमतेम शाळा शिकलेले होते आणि ५७.३ टक्क्यांकडे वैद्यकीय पात्रताच नव्हती. ग्रामीण भागात पात्रता असलेले फक्त १८.८ टक्के.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा: देशाच्या लोकसंख्येत ३.१ टक्के असलेल्या केरळकडे देशातल्या पात्र नर्सेसपैकी ३८.४ टक्के होत्या. मे २०२० मध्ये मुंबई कोविडने बेजार झाली, तेव्हा महाराष्ट्राने केरळला पत्र लिहून ५० तज्ज्ञ डॉक्टर आणि १०० नर्सेस मागितल्या. केरळचं पथक आलं आणि अंधेरीच्या कोविड रुग्णालयात उभं राहिलं. त्या उपकाराची आपण पुरेशी आठवण ठेवलेली नाही.

एका नर्ससाठी साडेचार नर्सेस

वॉर्डात चोवीस तास एक नर्स हजर हवी. तर नेमायच्या किती? तीन पाळ्या म्हणून तीन, असं पटकन उत्तर येतं. कागद-पेन्सिल घ्या. वर्षाचे तास ८,७६०. आठवड्याची सुट्टी, सणवार, रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा करून एक नर्स वर्षात समजा २४० दिवस, रोज ८ तास कामावर असते. तास झाले १,९२०. आता ८,७६० ला १,९२० ने भागा: ४.५६. तीन नेमल्या तर उरलेल्या दीड नर्सचं काम कुणीतरी सुट्टी मोडून, दुबार पाळी करून ओढत असतं. बहुतेक वेळा तीच सिस्टर, जिच्यावर आपण ‘लवकर येत नाही’ म्हणून चिडतो.

या पद्धतीला जगभर शास्त्राचं रूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘विस्न’ ही पद्धत नेमकं हेच करते: लोकसंख्येऐवजी कामाचे तास मोजते. एका प्रसूतीला किती वेळ, एका लसीकरण सत्राला किती, नोंदवह्या भरायला किती. मग हाती असलेल्या माणसांना लागणाऱ्या माणसांनी भागायचं. उत्तर १ पेक्षा कमी आलं की तूट. दोन उपकेंद्रांची लोकसंख्या सारखी असली तरी एकीकडे महिन्याला २ प्रसूती आणि दुसरीकडे २० असतील, तर दोन्हीकडे एकच आरोग्यसेविका देणं अन्याय आहे, हे ही पद्धत आकड्यात दाखवून देते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषातही रजेची वेगळी तरतूद आहे: नेहमीच्या संख्येवर ३० टक्के जादा. ही ३० टक्के पदं मंजूर होणं आणि भरली जाणं यासाठी नर्सेसच्या संघटना किती वर्षं भांडत आहेत!

घड्याळ जिंकलं आणि हरलं

पद भरलं, पगार सुरू झाला, पण माणूस केंद्रावर आहे का? २००२-०३ च्या सुमारास सहा देशांत संशोधक आगाऊ न कळवता दवाखान्यांत जाऊन पोचले: बांगलादेश, इक्वेडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा. सरासरी ३५ टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते. भारतात ४० टक्के.

मग राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात एक प्रयोग झाला. सेवा मंदिर ही संस्था, सरकार आणि अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व रेचेल ग्लेनर्स्टर यांनी मिळून उपकेंद्रांतल्या नर्सेसना तारीख-वेळेचा शिक्का मारणारी यंत्रं दिली. गैरहजेरीला पगारकपात. पहिल्या महिन्यांत हजेरी जवळपास दुप्पट! पण हळूहळू ‘सूट दिलेले दिवस’ वाढू लागले. आज बैठक, उद्या सर्वेक्षण, परवा शिबिर. वरिष्ठच सूट देत गेले आणि १६ महिन्यांत यंत्र असलेली आणि नसलेली केंद्रं सारखीच झाली. व्यवस्थेनेच यंत्राला वळसा घातला.

आपल्याकडे अशाच एका वळशाला प्रतिनियुक्ती म्हणतात. माणूस दुर्गम तालुक्यातल्या केंद्राच्या पटावर, पगार तिथून, काम मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. केंद्रात पद ‘भरलेलं’ दिसतं, म्हणून तिथे दुसरं कुणी नेमता येत नाही. रिक्त खुर्चीपेक्षाही ही खुर्ची वाईट, कारण ती मागण्याचा हक्कही काढून घेते.

‘पगार तुम्ही सांगा’

रिकाम्या खुर्च्या भरायला काय काय करून पाहिलं गेलं! राष्ट्रीय आरोग्य अभियानात एक धोरण आहे: ‘यू कोट, वी पे’. अवघड भागात यायला तयार तज्ज्ञाने आपला आकडा सांगायचा आणि सरकारने तो द्यायचा. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सेवेचं बंधपत्र असतं. सेवा नाही केली तर १० लाख रुपये दंड ठरलेला होता. भूलतज्ज्ञ मिळेनात म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भूल देण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. मेळघाटसारख्या भागात भरारी पथकं धावतात. त्यांतले बहुतेक डॉक्टर बीएएमएस आहेत आणि पावसाळ्यात तुटलेल्या पाड्यांपर्यंत तेच पोचतात.

पगार वाढवा, दंड लावा, हे सगळं ठीक. पण टिकतो कोण? याचं उत्तर मला तीन देशांत एकच सापडतं.

जपानच्या तोचिगीमध्ये १९७२ साली सगळ्या ४७ प्रांतांनी मिळून जिची मेडिकल युनिव्हर्सिटी काढली. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडायचे, सहा वर्षांची फी माफ, आणि बदल्यात शिक्षणाच्या दीडपट म्हणजे नऊ वर्षं आपल्याच प्रांतात सेवा. परका प्रांत नाही, आपलाच!

मोझांबिकमध्ये स्वातंत्र्यानंतर डॉक्टर देश सोडून गेले. १९८४ पासून तिथल्या सरकारने डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रिया शिकवल्या, सिझेरियनसुद्धा. पुढे पाहणी झाली तेव्हा ग्रामीण जिल्हा रुग्णालयांतल्या मोठ्या प्रसूती-शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के त्यांच्याच हातून झालेल्या होत्या. सात वर्षांनी त्यांच्यापैकी ८८ टक्के अजून जिल्हा रुग्णालयांतच होते. त्याच काळात तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता.

तिसरं उदाहरण आपल्या घरचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. दुष्काळी मुलूख. नर्सेस गावात राहायला तयार होईनात. मग गावानेच निवडलेल्या बाईला शिकवायचं ठरलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, परत जाऊन गावाला शिकवायचं. ज्या बाईला गावात कुणी बसायला सांगत नव्हतं, तिला लोक बाळंतपणाला बोलावू लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली. तिथल्या ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. नवजात बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. वैद्यकीय जगाला हे धाडस वाटलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभरातल्या आशा स्वयंसेविका बाळंतिणीच्या घरी सहा-सात भेटी देतात, त्याचं मूळ या गावांत आहे.

मोजणीत नसलेल्या दहा लाख

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ ला सुरू झालं आणि दर १,००० लोकांमागे एक ‘आशा’ आली. आज देशात सुमारे १० लाख, महाराष्ट्रात ७० हजारांहून अधिक. २२ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. पण त्या ‘स्वयंसेविका’. पगार नाही, कामागणिक मोबदला. मंजूर पदच नाही, त्यामुळे रिक्त पदांच्या हिशेबात त्या नाहीत आणि वेतनश्रेणीतही नाहीत. जगाने गौरवलेल्या बाईला मोबदल्यासाठी आझाद मैदानात बसावं लागतं, याचा राग यायलाच हवा.

वाट पाहणारी खुर्ची, १८८७

खुर्ची असून माणूस नसण्याची ही व्यथा जुनी आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेहून वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या, तेव्हा कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. ते पद त्यांना सांभाळता आलंच नाही.

आपले लोक, त्यांची गरज

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अहवाल सांगतो की जगातल्या आठ नर्सेसपैकी एक आपल्या जन्माच्या किंवा शिक्षणाच्या देशाबाहेर काम करते. श्रीमंत देशांनी गरीब देशांचे दवाखाने ओस पाडू नयेत म्हणून २०१० मध्ये एक आचारसंहिता झाली. २०२३ च्या यादीत असे ५५ देश आहेत जिथून भरती जपून करावी. भारत त्या यादीत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. मराठी मुलींनी जगभर जावं, सन्मानाने कमवावं, यात आनंदच आहे. पण ज्या ग्रामीण रुग्णालयात त्या शिकाऊ म्हणून उभ्या राहिल्या, तिथली पदं रिकामी ठेवून नाही.

हिरवा, पिवळा, लाल

मोजणी फक्त मंत्रालयातच होते असं नाही. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यभर समन्वय केला. गावकरी स्वतः आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरत: चांगलं असेल तर हिरवा रंग, अर्धवट असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षर न येणाऱ्यालाही भिंतीवरचा तक्ता कळायचा. मग जनसुनवाई. तिथे सिस्टर कधी येते, डॉक्टर मुक्कामी राहतात का, पद किती महिने रिकामं आहे, हे अधिकाऱ्यांसमोर उभं राहून विचारलं जायचं.

हे विचारायला योजनेची वाट पाहायची गरज नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपल्या कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचं मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायचं असतं. ग्रामसभेत आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची ती यादी मागा, आणि तिच्यात एक रकाना जास्तीचा मागा: सध्या प्रत्यक्ष काम कुठे.